जुळ्यातलं दुसरं बाळ आडवं असेल तर? एका हाताच्या कौशल्याचा इतिहास

आज थेट बाळंतिणीच्या खोलीत जाऊया. पोटात जुळं आहे. पहिलं बाळ डोक्याकडून सुखरूप बाहेर आलं. दुसरं मात्र आडवं आहे. डोकं एका कुशीला, पाय दुसऱ्या. आता काय?

आपण पटकन म्हणतो, सिझेरियन! पण भूल, रक्त आणि प्रतिजैविकं हाताशी आल्यावरच ते आजच्यासारखं सुरक्षित झालं. आडवी बाळं तर त्याआधीही येतच होती.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अडकलेल्या गर्भाला ‘मूढगर्भ’ म्हटलंय. त्याचे चार प्रकार दिलेत. त्यातला आडवा तो ‘परिघ’. परिघ म्हणजे दाराला आतून लावायचा अडसर. किती नेमकं नाव आहे बघा! उपाय असा: तुपासारख्या पदार्थाने हात बुळबुळीत करायचा, बाळाचा खालचा भाग वर ढकलायचा आणि वरचा भाग सरळ वाटेवर आणायचा. सगळं काम दिसत नसताना, केवळ स्पर्शाने करायचं.

तिकडे रोममध्ये दुसऱ्या शतकात सोरानस नावाच्या वैद्याने वेगळी वाट सांगितली: पाय शोधा आणि बाळाला पायाकडून आणा. म्हणजे आडव्या बाळाला पायाळू करा! पुढे युरोपात ही युक्ती बरीच मागे पडली. अडकलेलं मूल आकड्याने तुकडे करून काढायची वेळ यायची. १५४९-५० च्या सुमारास आंब्रोआज पारे या फ्रेंच शल्यविशारदाने ती पुन्हा लिहून काढली, तीही लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये.

पण मला या गोष्टीत सगळ्यात आवडते ती युस्टीना सीगेमुंड. बर्लिनच्या दरबाराची सुईण. स्वतःला मूल नाही. तरुणपणी सुइणींनी ती गरोदर आहे असं चुकीचं निदान केलं, तिचे अतोनात हाल झाले, आणि मग तिने हे शास्त्रच शिकायला घेतलं. १६९० साली तिचं पुस्तक आलं. त्यात तिची दोन हातांची युक्ती आहे. बाळाच्या पायाला फीत अडकवायची. एका हाताने फीत ओढायची, दुसऱ्याने आतून बाळाचं अंग वर सारायचं. ओढणं आणि ढकलणं एकाच वेळी, म्हणून बाळ फिरतं.

आता जुळ्यांकडे येऊ. एकटं बाळ आडवं असेल आणि पाणी निघून गेलं असेल, तर गर्भाशय बाळाभोवती आवळलं जातं. तेव्हा हात घालून फिरवायला गेलं तर गर्भाशय फाटू शकतं. जुळ्यातल्या दुसऱ्याचं गणित निराळं. पहिलं नुकतंच बाहेर आलेलं, वाट उघडलेली, आत जागा झालेली आणि दुसऱ्याची पाण्याची पिशवी बहुधा शाबूत. डॉक्टर हात घालतात, टाच चाचपून तो हात नसून पायच आहे याची खात्री करतात, पाय खाली आणतात आणि बाळ पायाकडून जन्माला येतं. पहिलंच बाळ आडवं असेल, तर मात्र आज सिझेरियनच करतात.

२०१३ साली २५ देशांतल्या सुमारे २,८०० जुळ्यांच्या मातांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिलं बाळ डोक्याकडून असलेल्या या मातांमध्ये, ठरवून सिझेरियन केल्याने बाळांचा मृत्यू किंवा गंभीर इजा कमी झाली नाही. पण दोन गोष्टी विसरू नका. अनुभवी डॉक्टर हजर असणं ही अट होती. आणि नैसर्गिक प्रसूती ठरवलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं शेवटी सिझेरियन झालंच. म्हणजे शस्त्रक्रियेची तयारी शेजारीच हवी.

खरी अडचण इथेच आहे. सिझेरियनने असंख्य जीव वाचवले, यात वाद नाही. पण ते जितकं सोपं झालं, तितके आत हात घालून बाळ फिरवणारे डॉक्टर कमी झाले. नवे डॉक्टर हे पुतळ्यावर शिकतात. प्रत्यक्षात संधी क्वचित मिळते. आणि जे हाताने शिकायचं, ते नुसतं वाचून येत नाही.

आपल्या आनंदीबाई जोशींनी १८८६ साली फिलाडेल्फियात एम.डी. मिळवली, तेव्हा प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. त्यांचं स्वतःचं बाळ अवघे दहा दिवस जगलं होतं. हे ज्ञान जपणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

घरात कुणाला जुळं होणार असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा: “दुसरं आडवं असलं तर तुम्ही काय कराल? ते फिरवायचा अनुभव इथे कुणाला आहे?” उत्तर ‘नाही’ आलं, तर सिझेरियनच शहाणपणाचं. पण विचारा नक्की. भेटू पुढच्या भागात!