पांढऱ्या लेबलाच्या चार अटी

स्त्रियांच्या कपड्यांचा 'एथिकल' ब्रँड सुरू करायचा म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येतं ते कापड आणि भांडवल. पण खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे: एथिकल म्हणजे नेमकं काय, आणि ते तपासणार कोण? अमेरिकेत याचं एक उत्तर १८९९ मध्येच देऊन पाहिलं गेलं होतं.

त्या वर्षी तिथे नॅशनल कन्झ्युमर्स लीग स्थापन झाली. तिच्या सरचिटणीस फ्लोरेन्स केली. त्याआधी त्या इलिनॉय राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षक होत्या, त्यामुळे शिवणकाम कुठे आणि कसं चालतं हे त्यांनी स्वतः आत जाऊन पाहिलं होतं. लीगने कपडे शिवले नाहीत, 'व्हाइट लेबल' काढलं. सुरुवात झाली स्त्रियांच्या आणि मुलांच्या पांढऱ्या सुती अंतर्वस्त्रांपासून. अटी चार होत्या. कारखान्याने राज्याचा कारखाना कायदा पाळायचा, सगळा माल कारखान्यातच तयार करायचा, ओव्हरटाइम नाही, आणि सोळा वर्षांखालचं मूल कामावर नाही.

आता या अटी संशोधकाच्या नजरेने वाचा. वय, तास, जागा: बाहेरून आलेल्या निरीक्षकाला या गोष्टी तपासता येतात. आपण जिला 'ऑपरेशनल डेफिनिशन' म्हणतो, ती हीच. पण यादीत मजुरी नाही. कामगारांना संघटना करता येते का, हेही नाही. कामगार संघटनांचा आक्षेप नेमका इथेच होता, कारण संघटनेला थारा न देणाऱ्या कारखान्यालाही हे लेबल मिळू शकत होतं.

दुसरी अटही बघण्यासारखी आहे. घरी शिवलेलं का नको? घरोघरी चालणाऱ्या शिवणकामात मुलं राबायची, तासांना धरबंध नसायचा. पण ग्राहकांची भीतीही होती. १८९४ मध्ये शिकागोत देवीची साथ आली, तेव्हा रोगी असलेल्या घरांतही कपडे शिवले जात असल्याचं केलींच्या तपासणीत आढळलं होतं. म्हणजे एकाच अटीत दोन हितं होती, शिवणारीचं आणि नेसणारीचं. घरी शिवणाऱ्या बाईचं काम गेलं तर तिने काय करायचं, याचं उत्तर मात्र लेबलात नव्हतं.

हाच प्रश्न अहमदाबादमध्ये उलट्या बाजूने मांडला गेला. इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेची १९७२ मध्ये कामगार संघटना म्हणून नोंदणी झाली. तिने घरी शिवणाऱ्या बाईला कामगार मानलं आणि तिच्या मजुरीसाठी लढा दिला. काम घरीच, पण व्याख्या बदलली.

व्हाइट लेबल १९१८ मध्ये बंद झालं. तोवर लीगचा बराच भर कायद्यांवर गेला होता. १९०८ मध्ये ओरेगन राज्याचा स्त्रियांसाठीचा दहा तासांचा कायदा सर्वोच्च न्यायालयात टिकला. त्या खटल्यासाठी पुरावे गोळा करण्यात लीगच्या जोसेफिन गोल्डमार्क यांचा मोठा वाटा होता. लेबल फक्त ते घेणाऱ्या कारखान्यांपुरतं होतं, कायदा राज्यातल्या सगळ्या कारखान्यांना लागू झाला.

त्यामुळे एखाद्या ब्रँडचा अहवाल अभ्यासायला घ्याल, तेव्हा काय मोजलं हे तर पाहाच. शिवाय काय मोजलं नाही आणि यादी करताना शिवणाऱ्या बाईला विचारलं होतं का, हेही वहीत लिहून ठेवा. संशोधनाचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सापडतो.