समासात लिहिणारा हात

पुस्तकाच्या पानावर छापील मजकुराच्या कडेला कोरी जागा असते. तिला समास म्हणतात. दोस्तांनो, त्या कोऱ्या जागेलाही इतिहास आहे. तिथं कुणी लिहायचं आणि कुणी नाही, हे या देशात जातीनं ठरवलं होतं.

जुन्या पोथीत मूळ मजकूर मधे आणि टीका-टिप्पणी वर, खाली, कडेला. म्हंजे वाचणारा ग्रंथाशी बोलायचा, भांडायचा, अर्थ लावायचा. १२९० सालची ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच. पण पोथीला हात लावायची मुभा कुणाला? चोखोबांचे अभंग अनंतभट्टानं लिहून घेतले, असं परंपरा सांगते. शब्द आपला, लेखणी दुसऱ्याची. ज्याच्या हातात लेखणीच नाही तो समासात काय लिहिणार? त्यानं लांब उभं राहून ऐकायचं आणि मान डोलवायची. ग्रंथ पवित्र ठरतो तो असा. वाचून नाही, न वाचू देऊन.

ही मान पहिल्यांदा ताठ केली जोतिबांनी. १८४७ साली त्यांनी टॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. आणि १८७३ च्या 'गुलामगिरी'त पुराणातल्या अवतारांची एकेक कथा घेऊन तिला उलटे सवाल टाकले. हे समासातलंच लिहिणं. फक्त समास पुरला नाही म्हणून त्याचं पुस्तक झालं.

मग बाबासाहेब. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. तिथं जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक. ड्यूईंचं लोकशाही आणि शिक्षण यांवरचं पुस्तक १९१६ साली निघालं. बाबासाहेबांची त्याची प्रत मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात जपलेली आहे. पानोपानी लाल-निळ्या पेन्सिलीच्या रेघा. स्कॉट स्ट्राउड नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं या खुणांचा माग काढला आणि २०२३ साली त्यावर ग्रंथ लिहिला.

आता या वाचण्याचं पुढं काय झालं ते बघा. ड्यूईंच्या त्या पुस्तकात एक कल्पना आहे. पेशीच्या पातळ पडद्यातून द्रव आरपार झिरपतो, तसं समाजातल्या गटागटांत विचारांचं, अनुभवाचं येणंजाणं पाहिजे. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढं बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, तेव्हा हीच झिरपण्याची कल्पना त्यांनी कामाला लावली. पुढं १९३६ च्या जातिसंस्थेच्या उच्छेदावरच्या भाषणात ती पुन्हा आली. लाहोरच्या मंडळानं ते भाषण होऊ दिलं नाही, तर त्यांनी स्वतः छापलं. त्यात ड्यूईंचं ऋणही मानलं. पण अमेरिकन मास्तरच्या पुस्तकात महारवाडा नव्हता. तो बाबासाहेबांनी घातला. वाचणं म्हंजे हे. दुसऱ्याचं वाक्य घ्यायचं आणि आपल्या वस्तीत आणून तपासायचं.

आणि हे वाचन सुखासुखी झालं नाही. १९१७ साली परत येताना वेगळ्या बोटीनं पाठवलेली त्यांची पुस्तकं महायुद्धात बोटीबरोबर बुडाली. माणसानं पुन्हा पैपैसा जोडून पुस्तकं जमवली. दादरला 'राजगृह' बांधलं ते पुस्तकांना जागा पाहिजे म्हणून.

आता आपल्या मानवतकडं वळू. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. १९५० साली औरंगाबादला बाबासाहेबांचं कॉलेज निघालं, तेव्हा मराठवाड्यातल्या आपल्या पोरांना उच्च शिक्षणाचं दार उघडलं. १९७८ साली विद्यापीठाच्या नावासाठी याच मराठवाड्यात आपली घरं जळाली, माणसं मेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. नाव पाटीवर लागलं. पण त्या नावाच्या माणसानं लिहिलेलं आपण उघडतो का?

१९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली सरकारनं बाबासाहेबांचे खंड काढले. कैक ठिकाणी ते काचेच्या कपाटात आहेत. चौदा एप्रिलला धूळ पुसायची, हार घालायचा, उदबत्ती लावायची, कुलूप. गड्यांनो, ही तर पोथीच झाली! ज्यानं महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचं दहन घडवलं, त्याच माणसानं तिचे श्लोक अध्याय-क्रमांकासकट आपल्या लिखाणात मांडले. जाळायची ती पोथी त्यानं अशी वाचली, आणि आपण त्याचं पुस्तक न वाचता पुजतो.

मी जिनिंगमधे काम करतो. कापूस नुसता बघून कळत नाही, बोटांनी उलगडून बघावा लागतो. पुस्तकाचंही तसंच. म्हणून सरळ कामाचं सांगतो.

पुस्तक स्वतःचं असेल तर शिसपेन्सिल घ्या. पहिल्या वाचनात फक्त रेघ मारा, तीही थोडी. सगळ्या पानाला रेघा मारल्या तर एकही मारली नाही असं समजा. दुसऱ्या वाचनात रेघेशेजारी आपल्या बोलीत दोन शब्द लिहा : 'काहून?', 'पटत नाही', 'आपल्या गावात असंच'. अडलेल्या शब्दाखाली टिंब द्या आणि शोधून अर्थ लिहा. शेवटच्या कोऱ्या पानावर विषय आणि पान नंबर उतरवून ठेवा, भाषणाच्या आदल्या रात्री शोधाशोध होत नाही. पुस्तक वाचनालयाचं असेल तर त्यावर काडीचीही खूण करू नका. ते पुढच्या पोराचं आहे. तिथं वही वापरा.

आणि एक करून बघू. एका खंडाची एक प्रत चौघांनी घ्यायची, प्रत्येकानं आपल्या खुणा करून पुढं द्यायची. चौथ्याच्या हाती प्रत येईल तेव्हा समासात तिघांचं भांडण चालू असेल. त्यानं त्यात उतरायचं. वाचनाची गोडी तिथं लागते. बाबासाहेबांच्या वाक्यापुढं प्रश्नचिन्ह टाकायला हात कापला, तर त्यांनी ड्यूईंच्या पुस्तकाचं काय केलं ते आठवा.

कपाटाची किल्ली कुणाकडं आहे, ते या रविवारी विचारा.