सरका, तवारुद आणि संगणक

अकराव्या शतकात लाहोरला स्थायिक झालेले सूफी अली हुजवेरी यांनी 'कश्फुल महजूब'च्या प्रारंभीच स्वतःचे नाव घातले आणि कारणही नोंदवले. त्यांच्या कवितांची एकुलती एक प्रत कुणीतरी मागून नेली, त्यांचे नाव खोडले आणि ती पसरवली. 'मिन्हाजुद्दीन' हा त्यांचा ग्रंथही दुसऱ्याने आपला म्हणून खपवला.

जुन्या समीक्षेने या चोरीला 'सरका' म्हटले. दोघांना एकच कल्पना आपसूक सुचली, तर तो 'तवारुद'. कैरोच्या सुयूतींनी (मृत्यू १५०५) लेखक आणि चोर यांच्यातील फरकावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

आता इंटरनेटवरून उतारा उचलणे सोपे, तसे पकडणेही सोपे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत शोधप्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; ६० टक्क्यांवर गेल्यास नोंदणीच रद्द होते. पण यंत्र साम्य दाखवते. सरका की तवारुद, हा निवाडा माणसालाच करावा लागतो.

हदीस सांगताना ती कुणाकडून आली याची साखळी द्यावी लागते, हे आमच्या मुलांना ठाऊक असते. मग प्रकल्पाच्या वहीत 'हे कुठून घेतले' ही एक ओळ लिहायला आम्ही शिक्षकांनी त्यांना का शिकवू नये? चोरी पकडण्याची वेळ मग क्वचितच येईल.