पिवळ्या रेषेची साक्ष : रामन परिणाम आणि व्हिनलंडचा नकाशा

दरवर्षी २८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून समुद्राच्या निळाईची गोष्ट सांगितली जाते. १९२१ साली रामन बोटीने इंग्लंडहून परत येत होते, भूमध्य समुद्र इतका निळा का असा प्रश्न त्यांना पडला, आणि सात वर्षांनी कलकत्त्यात त्यातून रामन परिणाम निघाला. गोष्ट खरी आहे, पण ती नोबेल पारितोषिकापाशी येऊन थांबते. हा शोध पुढे इतिहासाच्या अभ्यासकांच्या हाती कसा आला, ते आज आपण पाहणार आहोत, एका वादग्रस्त नकाशाच्या निमित्ताने.

आधी शोध काय होता तो थोडक्यात. रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांनी सूर्यप्रकाश जांभळ्या काचेतून गाळून एका द्रवात सोडला. द्रवातून विखुरलेला प्रकाश त्यांनी दुसऱ्या, जांभळा अडवणाऱ्या काचेतून पाहिला. खरं तर मग काहीच दिसायला नको. पण अंधूक उजेड दिसला! म्हणजे द्रवात शिरलेल्या प्रकाशाचा काही अंश रंग बदलून बाहेर पडत होता. असे साठेक द्रव त्यांनी तपासले आणि प्रत्येकात हे दिसलं. कारण असं, की रेणू सतत थरथरत असतो. त्याला धडकलेला प्रकाश त्या थरथरीपुरती ऊर्जा देऊन किंवा घेऊन जातो. प्रत्येक रेणूची थरथर वेगळी, म्हणून प्रत्येकाच्या वर्णपटातल्या रेषा वेगळ्या. बोटांच्या ठशासारखंच.

त्याच सुमारास मॉस्कोत लँडसबर्ग आणि मँडेलस्टाम यांना क्वार्ट्झच्या स्फटिकात हाच परिणाम दिसला. रशियन पुस्तकांत आजही याला रामनचं नाव नाही, ‘संयोगी प्रकीर्णन’ अशा अर्थाचा शब्द आहे. श्रेय कुणाचं या वादात आम्हाला आज पडायचं नाही. पण लक्षात घ्या, कलकत्त्यात द्रव आणि मॉस्कोत खनिज, दोन्हीकडे हा ठसा पहिल्याच वर्षी मिळाला होता.

द्रावणांचा अभ्यासही लगेच सुरू झाला. १९३० मध्ये आय. रामकृष्ण राव यांनी नायट्रिक आम्लाचे वर्णपट घेतले. दाट आम्लात अखंड रेणूच्या रेषा दिसतात. पाणी घालत गेलं की त्या फिक्या पडतात आणि नायट्रेट आयनाची रेष ठळक होत जाते. आम्ल पाण्यात फुटतं हे रसायनशास्त्रज्ञ विद्युत्‌वहनावरून सांगत होतेच, इथे ते छायाचित्राच्या काचेवर उमटलं. शिवाय पाण्याचा स्वतःचा रामन प्रकाश मंद असतो, त्यामुळे द्रावणात विरघळलेल्या पदार्थावर तो फारसा आड येत नाही.

खनिजांच्या बाबतीत खरी गंमत अशी, की घटक तेच असले तरी रचना बदलली की ठसा बदलतो. टायटॅनियम डायॉक्साइड घ्या. त्याचं एक रूप रुटाइल, दुसरं अ‍ॅनाटेझ. दोन्हींत एका टायटॅनियमला दोन ऑक्सिजन, पण अ‍ॅनाटेझची सर्वांत ठळक रेष १४४ तरंगसंख्येजवळ येते, तर रुटाइलच्या मुख्य रेषा ४४७ आणि ६१२ च्या आसपास. ही १४४ ची रेष ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

अडचण एकच होती. रंग बदलणारा प्रकाश फारच थोडा, कोट्यवधीत एखादा कण. पाऱ्याच्या दिव्यापुढे तासन्‌तास बसावं लागे. १९६० मध्ये लेझर आला, १९७० च्या दशकात तो सूक्ष्मदर्शकाला जोडला गेला, आणि केसाहूनही बारीक ठिपका, वस्तूला हात न लावता, तपासणं शक्य झालं.

आता नकाशाकडे येऊ. ऑक्टोबर १९६५ मध्ये, कोलंबस दिनाच्या आदल्या दिवशी, अमेरिकेच्या येल विद्यापीठाने एक चर्मपत्र जाहीर केलं. सुमारे १४४० सालचा जगाचा नकाशा, आणि त्यात ग्रीनलंडच्या पश्चिमेला ‘व्हिनलंड’ नावाचं बेट. म्हणजे कोलंबसच्या अर्धशतक आधी युरोपात अमेरिकेचा नकाशा! इटालियन वंशाचे अमेरिकन संतापले, नॉर्वेजियन वंशाचे खूश झाले. नॉर्स लोक अमेरिकेत पोचले होते हे कॅनडातल्या लान्स ओ मेडोज इथल्या उत्खननाने वेगळं सिद्ध केलंच आहे. प्रश्न या कागदाचा, म्हणजे चर्मपत्राचा, होता.

१९७४ मध्ये मॅक्रोन यांनी शाईचे सूक्ष्म कण काढून तपासले. त्यांना अ‍ॅनाटेझ सापडलं, आणि तेही विसाव्या शतकात, १९२० च्या सुमारास, रंगद्रव्य म्हणून कारखान्यांत बनू लागलं तसं. प्रकरण मिटलं असं वाटलं. पण १९८० च्या दशकात डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने प्रोटॉनांचा झोत वापरून पाहिलं, तर टायटॅनियम अगदी अत्यल्प! वाद पुन्हा पेटला. आमच्या मते इथे दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होत्या. प्रोटॉनांचा झोत मूलद्रव्य मोजतो, आणि तेही झोताखाली येणाऱ्या सगळ्या भागाची सरासरी काढून. ते कुठल्या संयुगात बसलंय, हे त्यातून कळत नाही.

ते कळलं २००२ मध्ये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे रॉबिन क्लार्क आणि कॅथरीन ब्राउन यांनी रामन सूक्ष्मदर्शकाखाली नकाशाच्या रेषा जागच्या जागी तपासल्या. या रेषा दुपदरी आहेत. खाली पिवळसर पट्टा, त्यावर काळी रेघ, बरीचशी उडालेली. काळ्या रेघेत निघाला कार्बन, म्हणजे काजळीची शाई. पिवळ्या पट्ट्यात अ‍ॅनाटेझ. आणि पट्ट्याबाहेरच्या कोऱ्या चर्मपत्रावर ते नाही.

हे महत्त्वाचं का? मध्ययुगात युरोपात मायफळ आणि हिराकस यांची शाई सर्रास वापरत. तिच्यातलं लोह काळाच्या ओघात चर्मपत्रात उतरतं आणि अक्षरांभोवती पिवळट-तपकिरी कडा धरते. काजळीच्या शाईला अशी कडा येत नाही. मग काजळीच्या रेघेखाली पिवळा पट्टा आला कुठून? कुणीतरी जुनेपणा दिसावा म्हणून तो आधी काढला असणार.

इथे एक सावधगिरी. रामन वर्णपट तारीख सांगत नाही. अ‍ॅनाटेझ निसर्गातही मिळतं, आणि काही अभ्यासकांनी ते मध्ययुगीन शाईत आलं असेल असा युक्तिवाद केलाही. १९२० ही तारीख वर्णपटातून नव्हे, रंगाच्या कारखानदारीच्या इतिहासातून येते. उलट चर्मपत्राचं कार्बन कालमापन त्याच वर्षी प्रसिद्ध झालं, आणि ते निघालं सुमारे १४३४ सालचं. चर्मपत्र अस्सल, शाई बनावट! नुसत्या कालमापनावर विसंबलो असतो तर नकाशा खरा ठरला असता.

२०२१ मध्ये येलने स्वतःच क्ष-किरणांनी सगळा नकाशा तपासला. रेषांमध्ये आणि अक्षरांमध्ये सर्वत्र टायटॅनियम सापडलं, आणि विद्यापीठाने तो बनावट असल्याचं जाहीर केलं. मागच्या बाजूला एक जुनी लॅटिन नोंद होती, बहुधा पुस्तकबांधणीची. तिच्यावर आधुनिक शाईने गिरवून ती बदललेली आढळली, नकाशा एका जुन्या ग्रंथातलाच वाटावा म्हणून. म्हणजे हा कुणाचा गैरसमज नव्हता, जाणूनबुजून केलेली फसवणूक होती. ती कुणी केली, हे मात्र शाईत लिहिलेलं नाही. नकाशा आजही येलच्याच ग्रंथालयात आहे.