धोट्याला तोंड लावायची गोष्ट

आमच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत फळीवर एक लाकडी धोटा पडलेला असायचा. दीडेक वीत लांब, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, बाजूला एक बारीकसं भोक. लहानपणी मी त्याची होडी करून पिंपात सोडायचो आणि आजीचे धपाटे खायचो. धोटा आज्यानं गिरणीच्या भंगारातून आणलेला, एवढंच ठाऊक होतं. आजा परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होता. तिथं धोटा लागतच नाही. धोटा लागतो कापड विणताना. मग रिंग खात्यातल्या माणसानं तो जपून का ठेवावा, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

२०१५ साली मी नोकरीनिमित्त मँचेस्टरला होतो. उन्हाळ्यात आई-बाबा आले. आठवडाभर चर्च, बागा आणि मॉल दाखवल्यावर बाबा म्हणाले, "ते ऑल्डहॅम इथनं लांब आहे का रे?" ऑल्डहॅम? तिकडे कोण जातं? बाबा म्हणाले, त्यांच्या खात्यातल्या यंत्रावर लोखंडात ओतलेली अक्षरं होती: प्लॅट ब्रदर्स, ऑल्डहॅम. इंग्रजी वाचायला ते तिथंच शिकले. बाबाही रिंग खात्यातलेच. आधी बदली, मग कायम, मग १९८२.

ऑल्डहॅममध्ये दाखवण्यासारखी चालती गिरणी मला सापडली नाही. पण तासाभरावर बर्नलीजवळ क्वीन स्ट्रीट मिल नावाचं संग्रहालय होतं. रविवारी डबा भरून पाचही जण निघालो. डब्यात चपात्या आणि सुकी बटाट्याची भाजी.

क्वीन स्ट्रीट मिल १८९४-९५ची. वाफेवर चालणारी, आतल्या साच्यांसकट उरलेली विणाईची गिरणी. इंजिन ५०० अश्वशक्तीचं. त्याचं नाव आधी 'प्रुडन्स' होतं, पहिल्या महायुद्धानंतर 'पीस' झालं. इंजिनाच्या खोलीत पितळ इतकं लखलखीत की आईनं त्यात पाहून टिकली सरळ केली.

खरी गंमत पुढच्या दारातून आत गेल्यावर. तीनशेहून जास्त साचे एका छपराखाली, वर काचेचे उतरते पाखे, प्रत्येक साच्याला वरच्या दांड्यावरून उतरलेला चामड्याचा पट्टा. सगळे चालवत नाहीत, दहा-बारा चालवतात. तेवढ्यानंच माझ्या सात वर्षांच्या मुलीनं कानात बोटं घातली. बाबांनी डोळे मिटले. तेलाचा वास, म्हणाले. तोच.

माहिती देणारी बाई सत्तरीची असावी. तिनं सांगितलं, या आवाजात बायका ओठांवरून बोलणं वाचायच्या. मी बाबांना मराठीत सांगितलं. "आमच्याकडं खुणा," बाबा म्हणाले आणि जॉबर येतोय, जेवायला चल, मुतायला जातो, अशा तीन खुणा करून दाखवल्या. बाई खूश.

मग तिनं एक धोटा उचलला. हुबेहूब आमचा. सुताची कांडी धोट्यात बसवली की सुताचं टोक त्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. सुईत दोरा ओवत बसायला वेळ कुणाला? विणकर भोकाला ओठ लावायचा आणि सूत श्वासाबरोबर ओढून घ्यायचा. कांडी संपली की पुन्हा, दिवसभर, प्रत्येक साच्यावर. याला तिथं धोट्याचं चुंबन म्हणत. मुलगी म्हणाली, "ईऽऽ!" बाई म्हणाली, बरोबर आहे तुझं. तेल आणि कापसाची धूळ पोटात जायची, आणि एका विणकराची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात, म्हणून क्षयाचं भय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ मध्ये याला बंदी घातली, लँकेशायरला त्यासाठी १९५२ उजाडलं.

बाबा मला म्हणाले, "तिला विचार, इथं कुणाकुणाला तोंड लावू देत नव्हते?"

मी विचारलं. तिला प्रश्न कळला नाही. पुन्हा विचारला. ती म्हणाली, कुणाला कशाला अडवतील? मालकाला तर तेच हवं, काम भरभर होतं.

बाबा मान हलवून पुढं गेले.

बाहेर गिरणीच्या तळ्याकाठी डबा उघडल्यावर ते बोलले. आजा १९३५च्या सुमाराला रत्नागिरीहून आला तेव्हा त्याला साचेखात्यात जायचं होतं. विणकराला रिंगवाल्यापेक्षा पगार बराच जास्त. पण साचेखात्यात महाराला घेत नसत. गिरणीच्या कुठल्या नियमात तसं लिहिलेलं नव्हतं. भरती जॉबरच्या हातात, आणि साचेवाले सवर्ण. महारानं ओठ लावलेला धोटा पुढच्या पाळीत आपण तोंडाला लावायचा? विटाळ! थुंकी सगळ्यांचीच एकमेकांच्या तोंडात जात होती, क्षयही जात होता. त्याचं कुणाला काही नव्हतं.

हे मी नंतर वाचून पडताळलं. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिने संप झाला, तेव्हा बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांपुढे हाच मुद्दा ठेवला होता: अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात काम करायचा हक्क मिळालाच पाहिजे. कामगारांची एकजूट वगैरे ठीक, पण आधी आपल्या माणसांना आपलाच साचा शिवू द्या. गिरणगावाचा इतिहास आपण लाल बावटा, भोंगा, खानावळी आणि लोकनाट्यांत रमून सांगतो. मीही तसाच सांगायचो. त्यात हे भोक येत नाही.

"मग तुमच्या वेळी?" मी विचारलं.

"माझ्या वेळी जाता आलं असतं. पण अण्णा म्हणाले, रिंगमध्ये ओळख आहे, तिथंच लाग."

परत आत गेलो. एका फलकावर होतं की ही गिरणी ११ मार्च १९८२ रोजी बंद पडली. बाबांनी तारीख दोनदा वाचायला लावली. मुंबईचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतल्याचं अधिकृतपणे कुणी कधी जाहीर केलं नाही. "म्हणजे सात-आठ आठवड्यांचा फरक," बाबा म्हणाले. हिशेबात ते पक्के. पण इथं साचे जागेवर ठेवून चार वर्षांत संग्रहालय उघडलं. बाबांच्या गिरणीच्या जागी टॉवर आहे, तिथल्या चिमणीचाही मागमूस नाही. (इंग्रजांचं फार कौतुकही नको. पुढच्याच वर्षी पैसे नाहीत म्हणून तिथल्या कौन्सिलनं हे संग्रहालय बंद केलं. नंतर ते थोड्या दिवसांपुरतं का होईना, पुन्हा उघडलं.)

निघताना दुकानात जुने धोटे विकायला ठेवले होते. मुलीला एक हवा होता. तिनं तो उचलला आणि, मघाशी ईऽऽ केलेलं विसरून, भोकाला ओठ लावून जोरात श्वास ओढला. आई ओरडली, "अगं, उष्टं असेल कुणाचं!"

बाबा हसले. इतके की दुकानातल्या मुलीनं वळून पाहिलं. मी पाकीट काढलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"नको. घरी आहे की."




त्या रात्री आत्याला फोन केला. फळीवर नव्हता. पलंगाखालच्या ट्रंकेत, आज्याच्या पासबुकाबरोबर फडक्यात गुंडाळलेला सापडला.