संथ चेंडूचे भय

संथ चेंडू टाकताना गोलंदाजाला फलंदाजापेक्षा स्वतःच्या हाताचीच धास्ती अधिक असते. वेग असला की चुकलेला चेंडूही निभावून जातो. हवेत रेंगाळणारा चेंडू चुकला, तर तो सीमापार जाताना सगळे मैदान पाहते. मनात ही धास्ती शिरली की ऐनवेळी हात आखडतो. बेसबॉलमधला ‘चेंज-अप’ इथेच फसतो. चेंडू तळहातात खोल धरायचा, पण हात मात्र वेगवान चेंडूइतक्याच झपाट्याने फिरवायचा, अशी त्याची रीत. शंका आली की पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, नकळत हात सावकाश फिरवतो आणि समोरच्याला सगळे कळते. कधी हा अडथळा नेहमीच्या चेंडूपर्यंतही पोहोचतो. बेसबॉलच्या १९७१च्या वर्ल्ड सिरीजमध्ये गाजलेला पिचर स्टीव्ह ब्लास याला १९७३मध्ये चेंडू नेमक्या जागी टाकताच येईना. दुखापत काहीच नव्हती. पुढे अमेरिकेत या व्याधीला त्याचेच नाव पडले.

क्रिकेटकडे वळले, तर महाराष्ट्रात संथ गोलंदाजीची पहिली मोठी शाळा म्हणजे पुण्यातली नेट. १८७६ साली धारवाडला जन्मलेले पालवणकर बाळू चर्मकार समाजातले. वडील लष्करात नोकरीला असल्याने कुटुंब पुण्यात आले. आधी पारशांच्या क्लबात आणि १८९२च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे, नेट लावणे ही कामे त्यांनी केली. दुसऱ्या नोकरीचा पगार महिना चार रुपये होता. गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हेही त्यातच आले. त्यांच्यातले फलंदाज कॅप्टन ग्रेग यांना बाद केले की आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. बाळूंच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. हा अन्याय खराच. पण त्याच नेटमध्ये, जिथे षटकार बसला तरी धावफलक हलत नाही, तिथे डावखुऱ्या फिरकीची उंची, टप्पा आणि वेग अदलून-बदलून पाहायला त्यांना तासन्‌तास मिळाले. प्रत्यक्ष सामन्यातला ताण वेगळाच होता. पुण्यातल्या हिंदू संघाने त्यांना घेतले, पण चहा मैदानाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. अशा माणसाचा एक वाईट चेंडू ही नुसती चूक ठरली नसती. तरीही १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले.

पुढच्या पिढ्यांनी या भीतीला वेगवेगळी उत्तरे दिली. मुंबईच्या सुभाष गुप्ते यांनी मार खाण्याची तयारी ठेवून लेगस्पिनला उंची दिली आणि १९५८मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजचे ९ गडी १०२ धावांत टिपले. नाशिकच्या बापू नाडकर्णींनी धोकाच पत्करला नाही. खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर टप्पा टाकण्याचा त्यांचा सराव प्रसिद्ध आहे. जानेवारी १९६४मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली. त्या डावात ३२ षटकांत ५ धावा गेल्या. बळी मात्र एकही नाही. भीतीवर हा पक्का तोडगा खरा, पण फलंदाजाला मोहात पाडण्याची कला त्यात मागे पडते. या दोन टोकांच्या मध्ये पद्माकर शिवलकर होते. ते चेंडू उंच सोडत आणि तरी टप्पा हातात ठेवत. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी तामिळनाडूचे ८ गडी १६ धावांत बाद केले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही त्यांना कसोटी खेळायला मिळाली नाही, हे निवड समित्यांना शोभणारे नाही.

भारतीय मैदानांनी ऐनवेळी अंग आखडण्याचा हा अडथळा परदेशी गोलंदाजातही पाहिला. १९८४-८५च्या दौऱ्यावर इंग्लंडच्या फिल एडमंड्सची धावण्याची लयच हरपली. डावखुऱ्या फिरकीचा हा अनुभवी गोलंदाज जवळजवळ उभ्यानेच चेंडू टाकू लागला. धाव कमी झाली की विचार करायला पावलेही कमी उरतात.

हाच धडा श्रीरामपूरचा वेगवान गोलंदाज झहीर खान याच्या कारकिर्दीत दिसतो. २३ मार्च २००३ला जोहान्सबर्गच्या विश्वचषक अंतिम सामन्यात अति उत्साहात त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. संघातून बाहेर पडल्यावर २००६मध्ये तो वूस्टरशरकडून काउंटी क्रिकेट खेळला, तिथे धाव आखूड करून त्याने ७८ बळी मिळवले. मग त्याने बेसबॉलच्या ‘नकल बॉल’सारखा, बोटांच्या पेरांनी धरून सोडायचा हळू चेंडू कमावला. २०११च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व सामन्यात अहमदाबादला ऑस्ट्रेलियाच्या माइक हसीचा त्रिफळा त्याने हळू चेंडूवरच उडवला. वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव होती, ६ धावा गेल्या आणि एक बळी मिळाला. पुढच्या पाच षटकांत मात्र ५४ धावा गेल्या. तरीही शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने, २१ बळींसह, त्या स्पर्धेत सर्वाधिक बळी त्याचेच होते.