थीम पार्कची सहल : योग्य काळ कसा निवडावा?

गोव्यातील कुटुंबाच्या दृष्टीने थीम पार्कची सहल एका दिवसात उरकत नाही. राज्यात जलउद्याने आहेत. परंतु मोठे रोलर कोस्टर, अंधारी दालने, पाण्याचे खेळ आणि लहानग्यांचे पाळणे एकाच आवारात पाहायचे झाल्यास सीमा ओलांडावी लागते. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील इमॅजिका आणि बेंगळुरूजवळ बिडदी येथील वंडरला ही त्यातल्या त्यात जवळची ठिकाणे. दोन्हीकडे जाण्यात साधारण एक रात्र प्रवासात जाते, किमान एक मुक्काम होतो आणि चार माणसांचा खर्च महिन्याच्या हिशेबात जाणवण्याइतका असतो. अशी सहल अनेक घरांत काही वर्षांतून एकदाच घडते. म्हणूनच ती कोणत्या दिवसांत करावी, हा प्रश्न कोणती राइड आधी घ्यावी यापेक्षा महत्त्वाचा आहे.

‘हिवाळ्यात जावे’ हे या प्रश्नाचे ठरलेले उत्तर अपुरे आहे. हिवाळ्यातील दहा दिवस वर्षातील सर्वाधिक गर्दीचे असतात, तर त्याच ऋतूतील काही दिवस अगदी निवांत. योग्य दिवस सापडतो तो चार दिनदर्शिका एकमेकींवर ठेवून पाहिल्यावर : हवेची, गर्दीची, शाळेची आणि रेल्वेची. नातलग दुसऱ्या राज्यातून येणार असतील, तर शाळेची आणि रेल्वेची दिनदर्शिका दुहेरी होते.

दोन घरांचे उदाहरण

फोंड्यातील एक कुटुंब आणि भोपाळच्या अयोध्या नगरातील त्यांचे आप्त यांनी इमॅजिकाला एकत्र जायचे ठरवले आहे, असे समजू. हे उदाहरण दूरचे वाटले तरी अवास्तव नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या मध्य प्रदेशची राजधानी असलेल्या नागपुरातून अनेक मराठी सरकारी कर्मचारी नव्या राजधानीत, भोपाळला गेले. पुढे अवजड विद्युत उपकरणांचा ‘भेल’चा कारखाना उभा राहिला आणि नोकरीसाठी आणखी कुटुंबे तेथे स्थिरावली. शहराच्या पूर्व भागातील अयोध्या नगर ही आज दाट लोकवस्तीची वसाहत आहे.

गोवा आणि भोपाळ रेल्वेने थेट जोडलेले आहेत. वास्को–निजामुद्दीन गोवा एक्सप्रेस बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळमार्गे भोपाळला जाते. एर्नाकुलम–निजामुद्दीन मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस मडगाव, पनवेल, मनमाडमार्गे भोपाळ गाठते. दोन्ही कुटुंबांना विरुद्ध दिशांनी येऊन पुण्यात किंवा पनवेलला भेटता येते. इमॅजिका या दोन शहरांच्या मधोमध, मुंबई–पुणे द्रुतगती मार्गापासून जवळ, खोपोली–पाली रस्त्यावर आहे. पुण्यापेक्षा पनवेल तेथून जवळ पडते.

हवेची दिनदर्शिका

इमॅजिकाचे थीम पार्क २०१३ मध्ये सुरू झाले, जलउद्यान २०१४ मध्ये आणि बर्फाचे दालन २०१६ मध्ये. हे तिन्ही विभाग एकाच ऋतूत सारखेच आनंददायी नसतात.

एप्रिल-मेमध्ये खालापूरची हवा तापलेली आणि दमट असते. घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होण्यास वेळ लागतो. मे महिन्यात भोपाळचे कमाल तापमान चाळीस अंशांच्या घरात असते. तेथून येणाऱ्यांना तापमापकावरील आकडा कमी दिसेल. परंतु कोरड्या उष्म्याची सवय असलेली माणसे कोकणातील दमट उन्हात लवकर थकतात. या दिवसांत जायचेच असेल, तर दुपार जलउद्यानात घालवावी आणि उघड्यावरील राइड सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घ्याव्यात.

जून ते सप्टेंबर हा सह्याद्रीच्या पायथ्याशी मुसळधार पावसाचा काळ. तिकिटांवर सवलती मिळतात, रांगा लहान असतात आणि आसमंत हिरवागार असतो, हे खरे. मात्र जोराचा पाऊस किंवा विजा असताना उघड्यावरील राइड सुरक्षेसाठी थांबवल्या जातात. ‘नायट्रो’सारखा उघड्यावरील रोलर कोस्टर हेच मुलांचे मुख्य आकर्षण असेल, तर पाचशे किलोमीटर जाऊन तो बंद दिसण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. ‘डीप स्पेस’सारख्या बंदिस्त दालनांतील राइडना पावसाचा तेवढा अडथळा येत नाही.

प्रवासाचा धोकाही विचारात घ्यावा लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळून अनेक कुटुंबे गाडली गेली. अतिवृष्टीचा इशारा असलेल्या दिवसांत घाटमार्गाने सहलीला निघणे टाळावे, हे त्या दुर्घटनेनंतर वेगळे सांगावयास नको. पावसाळ्यातच सहल करायची असल्यास गोव्यातील कुटुंबांना बेंगळुरूचा पर्याय आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील त्या शहरात जून-जुलैचा पाऊस कोकणाच्या मानाने बराच कमी असतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हवा सर्वांत अनुकूल असते. सकाळी गारवा, दुपारी सोसवेल असे ऊन. या काळात जलउद्यान मात्र दुपारी बारानंतरच सुखाचे वाटते.

गर्दीची दिनदर्शिका

थीम पार्कमध्ये पैशांइतकाच वेळही मोजावा लागतो. एका गाडीत २४ माणसे बसतात आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते, असे धरल्यास ती राइड तासाला ७२० जणांना सामावून घेते. पुढे ३६० माणसे असतील तर अर्धा तास आणि १,०८० असतील तर दीड तास उभे राहावे लागेल. आठ तासांच्या दिवसात पहिल्या स्थितीत दहा-बारा राइड होतात, दुसऱ्या स्थितीत पाच. तिकिटाचा दर तोच राहिला, तरी प्रत्येक राइडची किंमत दुपटीहून अधिक होते.

इमॅजिकातील गर्दी गोव्याच्या सुट्ट्यांवर अवलंबून नसते. ती मुंबई आणि पुण्याच्या सुट्ट्यांवर ठरते. शनिवार-रविवार, दिवाळीनंतरचा आठवडा, नाताळ ते नववर्ष, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि संपूर्ण मे महिना हा तेथील गजबजीचा काळ. डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधल्या दिवशीही शाळांच्या सहली येतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. त्या काळात मंगळवार ते गुरुवार हे दिवस तुलनेने मोकळे मिळतात.

गोव्यातील कुटुंबांना येथे एक फायदा आहे. राज्यातील काही सुट्ट्या महाराष्ट्रात नाहीत. ३ डिसेंबरचे जुने गोवे येथील संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त आणि १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन या दिवशी मुंबई-पुण्यात नेहमीचे कामकाज सुरू असते. यांपैकी एखादी सुट्टी आठवड्याच्या मध्यावर आली, तर एक-दोन दिवसांची रजा जोडून उत्तम हवेत, कमी गर्दीत सहल होऊ शकते. नाताळची गर्दी साधारण २० डिसेंबरनंतर वाढू लागत असल्याने दोहोंपैकी ३ डिसेंबरचा आठवडा अधिक सोयीचा.

शाळेची दिनदर्शिका

२०२५ पासून गोव्यात सहावीपासूनच्या बहुतेक वर्गांचे शैक्षणिक वर्ष जूनऐवजी एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले. परीक्षा आटोपून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मेची गर्दी सुरू होण्याआधी जाऊन येण्याचा जुना शिरस्ता त्यामुळे अनेक घरांत मोडला. उन्हाळ्यात उरला तो मे महिना. मध्य प्रदेशातही शैक्षणिक सत्र एप्रिलमध्ये सुरू होते आणि उन्हाळी सुट्टी मे महिन्यात लागते. फोंडा आणि अयोध्या नगर या दोन्ही घरांतील मुले एकाच वेळी निश्चितपणे मोकळी असतात ती मेमध्येच. आणि हवा व गर्दी या दोन्ही बाबतींत तोच महिना सर्वांत प्रतिकूल.

चतुर्थीची सुट्टी गोव्यात मिळते. पण त्या दिवसांत घर सोडून कोणी जात नाही. दिवाळीची सुट्टी गोव्यात दीर्घ असते, मध्य प्रदेशात लहान. शेजारी राहणाऱ्या दोन गोमंतकीय कुटुंबांनीच जायचे असेल, तर दिवाळीच्या सुट्टीचे अखेरचे दिवस पाहावेत. काही वर्षी महाराष्ट्रातील शाळा गोव्याआधी सुरू होतात आणि तीन-चार निवांत दिवस हाती लागतात. दोन्ही राज्यांची शालेय वेळापत्रके दरवर्षी बदलत असल्याने ती पडताळूनच दिवस निश्चित करावा.

रेल्वेची दिनदर्शिका

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. त्यात प्रवासाचा दिवस धरला जात नाही. १ डिसेंबरच्या गाडीसाठी २ ऑक्टोबरलाच बसावे लागते. मधल्या स्थानकावरून चढणाऱ्यांसाठी ही मोजणी गाडी मूळ स्थानकावरून निघते त्या तारखेनुसार होते. दिल्लीहून आदल्या दिवशी निघालेली गाडी भोपाळला मध्यरात्रीनंतर पोहोचत असेल, तर तेथील प्रवाशांचे आरक्षण एक दिवस आधी सुरू होते. दोन शहरांतून तिकिटे काढताना हा एक दिवसाचा फरक चुकला, तर एका कुटुंबाची तिकिटे निश्चित आणि दुसऱ्याची प्रतीक्षायादीत, असा प्रसंग ओढवतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगाने, वेगळ्या वेळापत्रकाने धावतात, हेही स्मरणात ठेवावे. उद्यानाची तिकिटे मात्र दोन्ही बाजूंची रेल्वे तिकिटे निश्चित झाल्यावरच घ्यावीत.

दिनदर्शिकेपलीकडचे

चारही दिनदर्शिका तपासल्यावर या दोन घरांपुढे एक आठवडा उरतो : डिसेंबरचा पहिला. योगायोग असा की ३ डिसेंबरला भोपाळमध्येही स्थानिक सुट्टी असते. कारण मात्र निराळे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायूची गळती झाली आणि हजारो माणसे प्राणाला मुकली. त्या रात्रीचा हा स्मृतिदिन आहे. जुन्या गोव्यात फेस्ताची घंटा वाजते, त्याच सकाळी भोपाळमध्ये मृतांसाठी प्रार्थना होत असतात.

कागदावर दोन्ही सुट्ट्या जुळतात. परंतु भोपाळच्या घरातील आजीने ती रात्र पाहिली असेल, त्या घरातील कोणी गेले असेल, तर त्या तारखेला रोलर कोस्टरच्या रांगेत उभे राहण्याचे आमंत्रण देणे योग्य ठरणार नाही. नातवंडे आनंदाने येतील, आजीही ‘नाही’ म्हणणार नाहीत. म्हणूनच गोव्याकडील मंडळींनी दिवस सुचवण्याआधी विचारून घ्यावे. उपाय अवघड नाही. अयोध्या नगरातील कुटुंबाने ३ तारीख घरी घालवावी, रात्रीच्या गाडीने निघावे आणि उद्यानाचा दिवस ५ किंवा ६ डिसेंबरचा ठेवावा. ५ तारीख शुक्रवारी किंवा त्याआधी येत असल्यास गर्दीही टळते. शनिवार-रविवार आल्यास पुढचा सोमवार घ्यावा. मुलांची एक-दोन दिवसांची शाळा बुडेल. ती परवानगी दोन्हीकडे आधी मागावी.

माणसांची आणखी दोन मापे घ्यावी लागतात. पहिले मुलांच्या उंचीचे. मोठ्या राइडना साधारण १२० ते १४० सेंटिमीटर किमान उंची लागते. मूल दोन-तीन सेंटिमीटरने कमी पडत असेल, तर सहल एक वर्ष पुढे ढकलणे हाही योग्य काळ निवडण्याचाच भाग आहे. दुसरे ज्येष्ठांच्या चालण्याचे. दिवसभरात काही किलोमीटर पायपीट होते. पुढील वर्षी आजींच्या गुडघ्यांना ती झेपेल का, याचा विचार केल्यास काही घरांत उत्तर ‘यंदाच’ असे येईल.

थोडक्यात

फेब्रुवारी-मार्च, मंगळवार ते गुरुवार : परीक्षा नसलेल्या लहान मुलांच्या कुटुंबांसाठी उत्तम.

मे : दोन राज्यांतील मुले एकत्र आणण्याचा हमखास काळ, जलउद्यान मुख्य ठेवावे, शनिवार-रविवार टाळावा.

जून ते सप्टेंबर : स्वस्त, पण बेभरवशाचा, अतिवृष्टीच्या इशाऱ्यात निघू नये.

दिवाळीच्या सुट्टीचा शेवट : केवळ गोव्यातील कुटुंबांसाठी सोयीचा, महाराष्ट्रातील शाळा सुरू झाल्याची खात्री करावी.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा : हवा आणि गर्दी दोन्ही दृष्टींनी सर्वांत अनुकूल, शाळांच्या सहलींची चौकशी करावी. नातलग भोपाळचे असल्यास ३ तारीख त्यांची त्यांना असू द्यावी.